पास झालेली

"लाभ," ती पोरगी म्हणाली आणि अंजूचं बोट टॅबच्या काचेवर टेकता टेकता थांबलं.

झालं होतं ते एवढंच. कुणाला सांगायला गेलं तर हसेल. राज्यभर एकाच दिवशी चाललेली चाचणी, मानोऱ्याच्या पुढे आडबाजूला पडलेला तांडा, दोन खोल्यांची शाळा, आणि व्हरांड्यात सतरंजीवर समोरासमोर बसलेल्या दोघी. एक वाशिमच्या शाळेतून पडताळणीसाठी पाठवलेली अंजू, दुसरी तिसरीतली तनुजा. मध्ये चिंचोक्यांचा ढीग. "हे मोज," असं अंजूनं छापील सूचनेत होतं तस्संच, अक्षर इकडचं तिकडे न करता म्हटलं होतं. पोरीनं पहिला चिंचोका उचलून बाजूला टाकला आणि 'एक' म्हणायच्या जागी 'लाभ' म्हणाली. मग दोन, तीन, चार, पाच, सगळं सरळ. हात मात्र चिंचोके मोजणारा नव्हता. प्रत्येक वेळी ती मनगट असं वळवत होती की मापातलं धान्यच ओतून राहिली आहे. टॅबवर चौकोन तीन होते: बरोबर, चूक, उत्तर नाही. 'लाभ' म्हणणाऱ्या पोरीसाठी चौथा चौकोन करावा असं पुण्यामुंबईत बसलेल्या कुणाला सुचलं नव्हतं, आणि त्यात त्यांचा तरी काय दोष?

प्रशिक्षणात एकच गोष्ट घोटून घेतली होती. चेहरा कोरा ठेवायचा. शाबास म्हणायचं नाही, अरेरे म्हणायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. मूल बरोबर सांगो की चूक, आपण म्हणायचं, "बरं, पुढे." बाकीच्या बायांना सरावात हसू फुटत होतं, एकमेकींना कोपरं मारणं चाललं होतं. अंजूला पहिल्या फटक्यात जमलं. प्रशिक्षकानं तिला उभं करून सगळ्यांना दाखवलं, "असा चेहरा पाहिजे बघा." टाळ्या पडल्या. चेहऱ्याचं कौतुक कुठल्या बाईला नको असतं? पण कौतुक झालं ते चेहऱ्यावर काहीच नसल्याचं! त्या दिवशी घरी जाऊन तिनं आरशात पाहिलं होतं. चाळिशीच्या अलीकडची, नाकीडोळी नीटस, केस घट्ट बांधलेली बाई. कोरी. हा चेहरा काही प्रशिक्षणानं आलेला नव्हता, तो कुठून आला हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला त्या टाळ्यांचा राग राग आला होता.

चिंचोक्यांच्या आधी वाचनाचं कार्ड झालं होतं. त्यावर चारच ओळी होत्या, एका मांजरीच्या. पोरीनं तोंड उघडलं नाही. 'हे अक्षर कोणतं', तेही नाही. 'घर' हा शब्द, तोही नाही. अंजूनं नियमाप्रमाणे थांबून 'उत्तर नाही' दाबलं, पुन्हा दाबलं, आणि तेव्हाच तिला काहीतरी खटकलं होतं. इतकी वर्षं पोरांपुढे काढलेल्या बाईला कळतं. वाचता न येणारं पोर कार्डाकडे बघतच नाही, ते तुमच्या तोंडाकडे बघतं, तिथून काही गळतंय का म्हणून. ही पोरगी कार्डाकडे बघत होती. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे जात होते, ओळ संपली की खाली उतरत होते, आणि ओठ मात्र असे मिटलेले की आत कुणी गूळ लपवलाय. पण टॅबवर डोळ्यांसाठीही चौकोन नव्हता. आणि मग चिंचोके आले, आणि हातांना सोंगाचा विसर पडला.

लाभ. हा शब्द अंजूनं किती वर्षांत ऐकला नव्हता! तिची आई खळ्यावर माप घालायची तेव्हा पहिल्या पायलीला कधी एक म्हणायची नाही. लाभ म्हणायची, मग दोन. लहान अंजूनं विचारलं होतं, एक काहून म्हणत नाही? आई म्हणाली होती, एक म्हटलं की रास एकटी पडते. पुढे पहिलीत गुरुजींनी पाटीवरचे मणी सरकवून मोजायला सांगितले आणि अंजू 'लाभ' म्हणाली तेव्हा सगळा वर्ग हसला होता. तिनं तो शब्द त्याच दिवशी टाकून दिला. हुशार पोरगी! एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा चुकायची नाही. गुरुजी बापाला म्हणत, ही पोरगी वाया घालवू नको, आणि बाप मान डोलवायचा. पावसाळा सरून सोयाबीन निघालं की तांडा उसावर जायचा, ट्रक यायचे, पेट्या, भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसं सोडून सगळे वर चढायचे. चौथीत शिष्यवृत्तीची परीक्षा झाली. अंजू पास झाली, तिचा मोठा भाऊ बादल आधीच दोनदा नापास होऊन बसला होता. बापानं तिला उचलून खांद्यावर घेतलं, तांडाभर फिरवलं, आणि मग म्हणाला, आता तुला नेत नाही.

शिक्षा म्हणून नव्हे हो, कौतुकानं. तिथंच तर सगळी गोम होती. शिक्षा असती तर भांडता आलं असतं, पाय आपटता आले असते. ट्रक निघाला तेव्हा बादल गाद्यांच्या ढिगावर राजासारखा बसला होता आणि तिला जीभ काढून दाखवत होता. आई मागच्या फळीला धरून उभी होती. अंजू आज्जीच्या पदराला धरून उभी राहिली आणि तिनं पहिल्यांदा चेहरा कोरा केला. रडली असती तर आई उतरली असती, एवढं तिला कळत होतं. आई उतरू नये म्हणून ती रडली नाही, आणि आई उतरली नाही म्हणून ती आईवर कायमची रुसली. आता याला काय म्हणावं? पुढच्या वर्षी आश्रमशाळा, मग तालुक्याचं वसतिगृह, मग डीएड. दर होळीला सगळे परत यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला निराळाच वास असायचा, पाचटाचा आणि धुराचा. त्यांचे विनोद निराळे. कुणाला तरी ते 'डबल टायर' म्हणत आणि पोट धरधरून हसत. कोण डबल टायर, असं तिनं विचारलं की आई डोळे पुसत म्हणायची, जाऊ दे व, तुले नाही समजनार. आई हे हसत म्हणायची, प्रेमानं म्हणायची, आणि अंजूला वाटायचं की कुणीतरी आतून कडी लावली.

ती कडी पुढे निघालीच नाही. आज अंजूला कायमची नोकरी आहे, वाशिमात दोन खोल्या आहेत, गच्चीवर तुळस आणि कोरफड आहे. लग्नाचं जमता जमता राहिलं. शिकलेले म्हणत तांड्यावरची, तांड्यावरचे म्हणत शिकलेली. मागल्या उन्हाळ्यात बादलच्या पोरीच्या लग्नाला ती गेली होती. मांडवात सगळ्या बाया सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, गाणी चालली होती, मध्ये तिची आई. अंजू चपला काढून सतरंजीकडे निघाली तोच आई ओरडली, "अरे पोरांनो, मॅडमले खुर्ची द्या!" मॅडमले! सख्ख्या आईनं. कुणीतरी लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि लग्न लागेपर्यंत अंजू त्या खुर्चीत सगळ्यांच्या डोक्यांवरून बघत बसली. नको म्हणता आलं असतं की! पण नको म्हणायला जी सलगी लागते तीच तिच्यापाशी उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी वाशिमला परतल्यावर रात्री तिनं एकटीसाठी भात टाकला आणि कुकरची शिट्टी झाल्यावर स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, चला, झालं. आवाज भिंतीवर आपटून परत आला. तेव्हापासून ती घरात बोलायची बंद झाली होती.

"मॅडम," तनुजा म्हणाली, "मोजून झाले."

"बरं, पुढे," अंजू म्हणाली, आणि तिनं 'बरोबर' दाबलं. नियमात बसत होतं की नाही कोण जाणे. यातले सात कुत्र्यानं खाल्ले तर किती उरतील, असा पुढचा प्रश्न होता. खरं तर त्यात कुत्रा नव्हता, सात पेरू होते आणि ते कुणा मीनाला दिले होते. पण अंजूच्या तोंडून कुत्रा गेला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं छापील सूचना मोडली. पोरगी खुदकन हसली, "कुत्रं कायले खाईन चिंचोके?" म्हणाली आणि पटकन उत्तर सांगून मोकळी झाली. लगेच तिच्या ध्यानात आलं. हसू पुसलं गेलं, ओठ मिटले, आणि त्यानंतरच्या एकाही प्रश्नाला तिनं तोंड उघडलं नाही. अंजू बघत राहिली. नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडावर तिचा स्वतःचा चेहरा होता. 

शाळेचे प्रसेनजित सर तरुण होते, कारंज्याहून मोटरसायकलनं येत. चहाचा कप अंजूच्या हातात देताना त्यांचा चेहरा पडला होता. "मॅडम, तनुजा माझी एक नंबरची पोरगी आहे. धडाधड वाचते. आज काय झालं तिला, समजून नाही राह्यलं." मग जरा घुटमळून त्यांनी खरं ते सांगून टाकलं. ट्रक आजच लागणार होता. तनुजाचे आईबाप, लालसिंग आणि त्याची बायको, धाकट्या पोराला घेऊन उसावर निघाले होते. पोरीला आजीजवळ ठेवा म्हणून सर महिनाभर त्याच्या मागे लागले होते. शेवटी लालसिंग म्हणाला, बाहेरून मॅडम येऊन राह्यल्या न मोठी परीक्षा घ्याले? त्यायनं पास म्हटलं तर ठेवतो. नापास म्हटलं तर कायले ठेवू, तथी लहान्याले तरी सांभाळीन. "आणि मीच म्हटलं होतं त्यांना, बाहेरून मॅडम येणार, लय मोठी परीक्षा आहे म्हणून. पोरांनी हजर राहावं, दुसरं काय!"

आता यात गंमत अशी की त्या परीक्षेत कुणी पास नसतं आणि कुणी नापास नसतं. पोराचं नावसुद्धा वर जात नाही. सगळे आकडे एकत्र घुसळून जिल्ह्याची सरासरी निघते, ती वर्तमानपत्रात येते आणि शेजारच्या जिल्ह्याशी तिची झोंबाझोंबी होते. पण लालसिंगला सरासरी कोण समजावणार? त्याच्या लेखी परीक्षा म्हणजे पास किंवा नापास, आणि मॅडम म्हणजे जी सांगेल ती. अंजूनं टॅबवर मागे जाऊन पाहिलं. मागे जाता येत नव्हतं. झालेलं पान कुलूपबंद होतं. म्हणजे सरकारदरबारी या पोरीला 'घर' वाचता येत नव्हतं, ते आता ब्रह्मदेवालाही बदलता आलं नसतं. राहिला प्रश्न लालसिंगचा, आणि ते उत्तर अजून अंजूच्या तोंडात होतं.

कप ठेवायला ती मागच्या बाजूला गेली तर स्वयंपाकखोलीच्या भिंतीपाशी तनुजा आणि तिचा धाकटा भाऊ राजपाल उभे होते. भिंतीवर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता रंगवलेला होता. "आज अंडं हाये का व?" राजपालनं विचारलं. पोरीनं भिंतीवर बोट ठेवलं. "शुक्रवार. मटकीची उसळ आन भात. अंडं बुधवारी हाये, बुधवारी तू नसशीन." मग बोट खाली आणत तिनं तिथली बारीक अक्षरंही वाचली, हात धुवा, रांगेत बसा, अन्न वाया घालवू नका, सगळं एका दमात. वळली तर मागे मॅडम.

"तुला वाचता येतं," अंजू म्हणाली.

"नाई. ते पाठ हाये मले." मग मॅडम काही बोलत नाही म्हटल्यावर पोरीचा धीर सुटला. तिनं राजपालला पुढं ढकलून वाटेला लावलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मले नापास करा न."

"काहून?" हा शब्द अंजूच्या तोंडून गेला तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. वाशिमच्या वर्गात ती 'का बरं' म्हणत असे.

"पास झाली तर बाबा अथीच ठेवते मले. बुढीजवळ. राजपालले नेऊन राह्यले."

"आजी रागावते का?"

"नाई, लय चांगली हाये. पन रात्री मले भेव लागते न, तिले नीट ऐकू येत नाई."

लिंबाच्या पारावर दोघी बसल्या. बसल्या म्हणजे अंजू बसली आणि पोरगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. अंजू म्हणाली, "मी पण तुझ्याएवढी असताना पास झाले होते. आमचे लोकही उसावर जायचे." पोरीनं मान वर केली. "मंग?" "मग शाळा शिकले. नोकरी लागली. घर आहे वाशिमला." "आन तुमची माय?" अंजूनं चष्मा काढून पुसला. "आहे." "तुमच्याजवळ राह्यते?" "नाही. भावाजवळ राहते." "जो नापास झाला त्याच्याजवळ?" भाऊ नापास झाला होता हे अंजूनं सांगितलंच नव्हतं, पोरीनं ते आपलं आपण जुळवलं होतं. अंजूनं मान हलवली. पोरीनंही हलवली, आपलंच उत्तर बरोबर निघाल्यासारखी. अंजू दिवसभर पोरांची चाचणी घेत होती, आता तिची चाचणी चालली होती, आणि घेणाऱ्या पोरीचा चेहरा कोरा होता. 'बरं, पुढे' म्हणायचं तेवढं तिनं बाकी ठेवलं.

कर नापास, असं कुणीतरी अंजूच्या आत म्हणत होतं. एक शब्द तर आहे. बसू दे तिला गाद्यांच्या ढिगावर, झोपू दे आईच्या कुशीत, कळू दे तिला डबल टायर कोण ते. तुझं झालं ते तिचं कशाला? अंजूला खरंच तसं म्हणावंसं वाटत होतं. पण मग बादल आठवला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडव सोडताना तो तिच्या खुर्चीशेजारी येऊन उकिडवा बसला होता. तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, पण दिसायला बापासारखा, कंबर वाकलेली, डाव्या हाताचं एक बोट कोयत्यानं नेलेलं. तिनं त्या दिवशी मनातलं सगळं त्याच्यापाशी ओकलं होतं, तुम्ही सगळे तिकडे एकत्र होता, मी इकडे एकटी मेले, असं. बादलनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अंजे, तुले शिक्षण भेटलं म्हून तुले सांगता तरी येते तुले काय दुखलं ते. मले काय दुखलं ते मले सांगताबी येत नाई." आणि उठून बांबू सोडायला गेला. तेव्हा तिला त्याचा रागच आला होता. माझ्या दुःखावर हा आपलं टाकतो, असं वाटलं होतं. आता, या पारावर, अंगठ्यानं माती उकरणाऱ्या पोरीपुढे, ते वाक्य तिला नीट ऐकू आलं, आणि नीट ऐकू आल्यावर तिच्यापाशी दुसरं उत्तर उरलं नाही.

"नापास करा न, मॅडम," पोरगी पुन्हा म्हणाली. "कोनाले सांगनार नाई मी."

"मला नाही करता येणार, बाळा," अंजू म्हणाली.

दुपार कलता कलता ट्रक आला. तांड्यावर एकच गलका झाला, पोरं ट्रकमागे धावली, कुणाची कोंबडी सुटली, कुणाचा स्टोव्ह विसरला. युरियाच्या पोत्यांत भरलेला संसार एकामागून एक वर चढत होता. प्रसेनजित सरांबरोबर अंजू लालसिंगच्या घरापुढे आली तेव्हा तनुजाची आजी, रामीबाई, दारातच उभी होती. म्हातारी शेजारणीशी गोरमाटीत, तांड्याच्या बंजारा बोलीत, भडाभडा बोलत होती. अंजूला प्रत्येक शब्द समजत होता, आता घर मोकळं मोकळं होणार, निदान पोर तरी मागे राहू दे, असं काहीसं. अंजूच्या ओठांवर 'याडी', त्या बोलीतली आई, आलं होतं, आपण तुमच्यातलीच आहोत असं सांगणारी चार वाक्यं जिभेवर जमली होती. तेवढ्यात म्हातारीची नजर तिच्या साडीवर, खांद्यावरच्या पर्सवर, गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली, आणि तिनं आपली भाषा पदरासारखी आवरून घेतली. "या मॅडम, बसा न. काय म्हनते आमची पोट्टी? पास हाये का?" वऱ्हाडीत, परक्याशी बोलतात तसं. अंजूनं जमलेली चार वाक्यं गिळून टाकली.

लालसिंग ट्रकवरून खाली उडी मारून आला. हात पुसत, जरा भीत, हवालदारापुढे यावं तसा समोर उभा राहिला. "बोला मॅडम. तुमी म्हनान तसं." तनुजा त्याच्या मागे उभी होती. तिची आई ओट्यावर एक पोतं बांधत होती, तिचे हात थांबले.  पोरगी अंजूकडे बघत होती, तोंडानं काही मागत नव्हती, नुसती बघत होती, आणि अंजूनं तिच्याकडे बघूनच सांगितलं, कारण दुसरीकडे बघून सांगणं फार हलकट झालं असतं.

"पास आहे," ती म्हणाली. "चांगली पास आहे. शाळा सोडवू नका."

"बाप्पा!" लालसिंग म्हणाला आणि त्याच्या तोंडभर हसू पसरलं. मग ते हसू तिथंच राहिलं आणि डोळे मात्र भरून आले, आणि त्यानं पोरीच्या डोक्यावर इतक्या जोरात हात ठेवला की ती खाली वाकली. त्याचं तोंड पाहूनच रामीबाई काय ते समजली आणि शेजारणीला ओरडून सांगत सुटली. सर तर पोरासारखे उड्याच मारायचे बाकी होते.  आईनं बांधलेल्या पोत्याची गाठ सोडली, आत हात घालून चाचपडत एक पिवळा फ्रॉक काढला, मग एक चड्डी, मग एक कंगवा, ते सगळं ओट्यावर नीट घडी करून ठेवलं, आणि पोतं पुन्हा बांधायला घेतलं. अंजूला वाटलं, आता ही पोरगी किंचाळेल, आईला बिलगेल, मला शिव्या देईल. देऊ दे. पोरीनं तसलं काही केलं नाही. ती आईजवळ गेली आणि पोत्याची गाठ आवळायला तिनं बोट लावून दिलं.

ट्रक गेला. धूळ बराच वेळ रस्त्यावर राहिली, मग तीही बसली. तांड्यावर म्हातारी माणसं, कुत्री आणि दोनचार पोरं उरली. प्रसेनजित सर हात जोडून, मॅडम तुमचे उपकार वगैरे बोलून कारंज्याला निघून गेले. रामीबाई आत चूल पेटवत होती, धूर दारातून बाहेर येत होता. तनुजा ओट्यावर घडी केलेल्या कपड्यांशेजारी बसली होती. मानोऱ्याची जीप वळण घेऊन आली आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "चला मॅडम, शेवटची खेप हाये. मंग सकाळपर्यंत काही भेटनार नाई."

अंजूनं पर्स खांद्याला लावली आणि ओट्यापाशी आली. काहीतरी म्हणायला हवं होतं, नुसतं असं जाता येत नव्हतं. "मी येईन गं," ती म्हणाली. "रविवारी नक्की येईन तुला भेटायला."

"माय बी असंच म्हनते," तनुजा म्हणाली. रागानं नाही, कुरकुरीनंही नाही. मॅडमला माहीत नसेल म्हणून सांगितलं.

हॉर्न पुन्हा वाजला. एका संध्याकाळनं काय होतं? काही होत नाही, हे अंजूइतकं त्या तांड्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. सोमवारी तिची शाळा होती, टॅब जमा करायचा होता, आणि पोरीपुढे उभा हिवाळा होता. तिनं वळून ड्रायव्हरला हात केला, जा म्हणून. त्यानं दोनदा विचारलं, तिनं दोनदा जा म्हटलं. जीप निघून गेल्यावर तिनं चपला काढल्या आणि ओट्यावर, घडी केलेल्या कपड्यांच्या पलीकडे बसली. पोरगी तिच्याकडे सरकली नाही. अंजूनंही तिला जवळ ओढलं नाही. अंधार पडायला लागला तेव्हा पोरीनं हात लांब करून मधले कपडे उचलले आणि दुसऱ्या बाजूला ठेवले.